‘ग्रुप १८९०’ आणि चित्राचे स्वातंत्र्य



कामगार संघटनेच्या माणसाला वसंतातल्या व्याख्यानमालेत बोलावतात ते बहुधा बोनस, महागाई किंवा नवे कामगार कायदे यांवर बोलण्यासाठी. म्हणून मी चित्रप्रदर्शनावर बोलणार असे कळविले, तेव्हा चालकांपैकी एकाने मला दोनदा विचारून खात्री करून घेतली. त्यांचे आश्चर्य रास्त होते. मी नववीतून शाळा सोडून यंत्रमागावर उभा राहिलेला माणूस. पुढचे शिक्षण झाले ते नगरवाचनालयाच्या बाकावर, आणि इंग्रजी आले ते शब्दकोश मांडीवर घेऊन. चित्रकलेचा अधिकारी म्हणून मी येथे उभा नाही. एका प्रदर्शनाने मला बरीच वर्षे अस्वस्थ केले. ती अस्वस्थता आपल्यापुढे मांडावी, एवढाच हेतू आहे.

प्रदर्शनाशी माझी गाठ पडली ती गैरसमजातून. वाचनालयात पुस्तके चाळताना एका इंग्रजी पुस्तकात ‘ग्रुप १८९०’ असे नाव दिसले. १८९० म्हटले की आमच्यासारख्याचे कान टवकारतात. त्या वर्षी १ मे हा दिवस कामगारांचा म्हणून जगात प्रथमच अनेक देशांत एकाच वेळी पाळला गेला. त्याच वर्षी मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी आठवड्याची रविवारची सुट्टी मान्य केली. जोतीरावांचा हा सत्यशोधक अनुयायी, ‘दीनबंधू’चा संपादक, १८८४ पासून ती मागणी करीत होता. तेव्हा हा ग्रुप म्हणजे लोखंड्यांच्या स्मरणार्थ निघालेले एखादे कामगार मंडळ असावे, अशा समजुतीने मी पुस्तक घरी आणले. वाचू लागलो तो कळले की, हे बारा चित्रकार-शिल्पकार होते आणि १८९० हा एका घराचा क्रमांक होता!

ते घर भावनगरचे. ऑगस्ट १९६२ मध्ये जयंत आणि ज्योती पंड्या यांच्या घरी ही मंडळी जमली. संघ स्थापन करावयाचे ठरले; नाव काय द्यावे याचा खल झाला. प्रगतिशील, नवे, स्वतंत्र अशी विशेषणे त्या काळी स्वस्त झाली होती. या मंडळींनी दारावरचा आकडा उचलून नाव म्हणून लावला. त्या आकड्यात ना घोषणा, ना आश्वासन. पुढे ते चित्राविषयी जे सांगणार होते, त्याची चुणूक या नावातच होती.

बारा जण असे : जे. स्वामिनाथन, जेराम पटेल, अंबादास, गुलाममोहम्मद शेख, हिम्मत शाह, ज्योती भट्ट, राघव कनेरिया, रेड्डप्पा नायडू, राजेश मेहरा, एरिक बोवेन, बालकृष्ण पटेल आणि एस. जी. निकम. यांत स्त्री एकही नाही, हे जाता जाता नोंदवून ठेवतो. अंबादास आपल्या अकोल्याचे. १९२२ चा जन्म, शिक्षण मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत.

या मंडळींचा विचारवंत म्हणजे स्वामिनाथन. १९२८ साली सिमल्यात जन्मलेला हा तमिळ घरातला मुलगा ऐन तारुण्यात काँग्रेस समाजवादी पक्षात शिरला. ‘मजदूर आवाज’ या पक्षाच्या साप्ताहिकाच्या संपादनात त्याचा हात होता. पुढे तो कम्युनिस्ट पक्षात गेला आणि काही वर्षांनी त्यातूनही बाहेर पडला. संध्याकाळच्या वर्गात चित्रकला शिकला, काही काळ पोलंडमध्ये वॉर्सा येथे शिकून आला, आणि पोटासाठी कलेवर वृत्तपत्री लेखन करीत राहिला. म्हणजे गृहस्थ आमच्यातलाच! मजुरांचा आवाज छापणारा हा माणूस पुढे म्हणू लागला की, चित्राने कोणाचाही आवाज होऊ नये. वाचताना माझ्या कपाळावर आठी पडली ती येथे.

ही मंडळी एवढी का बिथरली होती, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. आपल्या आधुनिक चित्रकलेचा रस्ता तोपर्यंत तीन मुक्कामांवरून आला होता. पहिला मुक्काम राजा रविवर्म्याचा. युरोपची तैलरंगाची रीत घेऊन त्याने आपले देव आणि पुराणातल्या नायिका रंगविल्या. १८९४ साली मुंबईत निघालेल्या त्याच्या छापखान्यातून त्या तसबिरी घरोघर, अगदी गिरणगावातल्या चाळींतून भिंतींवर गेल्या. दुसरा मुक्काम बंगालचा. स्वदेशीच्या लाटेत अवनींद्रनाथ ठाकूर आणि त्यांच्या शिष्यांनी विलायती रीत टाकून अजिंठा, मोगल लघुचित्रे, जपानी रंगलेपन यांच्याकडे तोंड वळविले. तिसरा मुक्काम म्हणजे १९४७ साली मुंबईत स्थापन झालेला प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप आणि त्याच्या आसपासचे चित्रकार. त्यांनी पॅरिसकडे पाहून रेषा आणि रंग मोकळे सोडले.

भावनगरच्या मंडळींनी या तिन्हींना एकदम रामराम ठोकला. जाहीरनाम्यात त्यांनी रविवर्म्याची नक्कल ग्राम्य ठरविली, बंगालचे स्वप्न भाबडे ठरविले आणि पॅरिसचा उसनवारी आधुनिकपणा दोन्ही घरचा पाहुणा उपाशी अशा कोटीत घातला. हे जरा अन्यायाचे झाले, असे मला वाटते. चाळीतल्या बाईला आपल्या खोलीत लक्ष्मी टांगता आली ती रविवर्म्यामुळे, हे विसरून चालणार नाही. पण तरुणांचे जाहीरनामे न्यायाधीशाच्या लेखणीने लिहिले जात नसतात. आमच्या संपाच्या पत्रकांवरून मी हे सांगू शकतो.

आता त्यांचे तत्त्वज्ञान. ते मी मला समजले तसे, साध्या भाषेत सांगतो. एक पक्ष म्हणतो, चित्र हा आरसा आहे. जे आहे ते दाखवावे. दुसरा म्हणतो, चित्र हा निरोप्या आहे. धर्माचा, देशाचा किंवा क्रांतीचा निरोप त्याने पोचवावा. तिसरा म्हणतो, चित्र ही पळवाट आहे. कष्टाचा दिवस संपल्यावर मनाला विसावा द्यावा. ‘ग्रुप १८९०’ म्हणाला, चित्र यांपैकी काहीच नाही. ते वास्तवाची नक्कल नव्हे आणि वास्तवापासून पलायनही नव्हे. ते स्वतःच एक वास्तव आहे. दारातल्या कडुनिंबाला कोणी ‘तुझा अर्थ काय?’ असे विचारीत नाही. तो आहे, एवढे पुरते. तसेच चित्र जगात नव्याने अवतरते. ते अगोदर ठरविलेल्या अर्थाचे भाषांतर नसते. करणारालाही ते पूर्ण होईतो ठाऊक नसते. हे न ठाऊक असणे म्हणजेच त्याचे स्वातंत्र्य, आणि पाहणारा त्या चित्रासमोर उभा राहिला की क्षणभर त्या स्वातंत्र्यात शिरतो. स्वामिनाथन यांनी पुढे यालाच गूढतेची जोड दिली. प्रतिमेत काही सांगितलेले नसते, तरी देवळाच्या गाभाऱ्यात पाऊल टाकताना अंगावर येतो तसा शहारा तिच्यापुढे यावा, असा त्यांचा रोख होता.

हे तत्त्वज्ञान भिंतीवर टांगले गेले ते ऑक्टोबर १९६३ मध्ये, नवी दिल्लीच्या रवींद्र भवनात. बरोबर एक वर्षापूर्वी याच महिन्यात चीनचे आक्रमण झाले होते. धरणे, पोलाद कारखाने आणि पंचवार्षिक योजना यांच्या उभारणीत गुंतलेला देश त्या धक्क्यातून सावरत होता. उद्घाटनाला पंतप्रधान जवाहरलाल नेहरू आले. त्यानंतर सात महिन्यांनी, २७ मे १९६४ रोजी, ते गेले. प्रत्येक गोष्टीला ‘राष्ट्रासाठी उपयोग काय?’ असे विचारण्याच्या त्या काळात, राष्ट्राच्या पंतप्रधानासमोर बारा जणांनी कशाच्याच उपयोगी नसलेल्या वस्तू मांडल्या. प्रदर्शनाच्या पुस्तिकेला प्रस्तावना लिहिली ती मेक्सिकोचे कवी ओक्टाव्हिओ पाझ यांनी. ते १९६२ पासून भारतात त्यांच्या देशाचे राजदूत होते. पुढे १९९० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

मांडलेले होते तरी काय? हिम्मत शाह यांची जाळलेल्या कागदांची चिकटचित्रे होती. जेराम पटेल त्या काळात लाकडाच्या फळीवर ब्लो-टॉर्चची ज्योत धरून ती काळी पडेपर्यंत जाळीत, कोरीत आणि त्यातून आकार काढीत. राघव कनेरिया लोखंडाचे भंगार वेल्डिंगने जोडून शिल्पे उभी करीत. अंबादास यांच्या चित्रांत माणूस नाही, झाड नाही, घर नाही. ब्रशाचा जाड ओघ पुराच्या पाण्यासारखा फळकभर वळसे घेत जातो. स्वामिनाथन यांच्या चित्रांत चिन्हे होती, हातांचे ठसे होते, जुन्या भिंतीवर कोणी अनोळखी माणूस काढून जातो तशी.

ही यादी मी प्रथम वाचली तेव्हा तत्त्वज्ञान बाजूला राहिले आणि मी एकदम थबकलो. ब्लो-टॉर्च, वेल्डिंग, भंगार! ही तर आमच्या कारखान्यातली हत्यारे. आणि मला एक जुना प्रसंग आठवला. तो आज आपल्यापुढे कबूल करणे मला भाग आहे.

मी संघटनेच्या कामाला नुकता लागलो होतो, तेव्हाची गोष्ट. यंत्रमागांचे सुटे भाग दुरुस्त करणाऱ्या एका कारखान्यात एक वयस्क वेल्डर होते. सारे त्यांना मामा म्हणत. एका सुट्टीच्या दिवशी चावी त्यांच्याकडे असताना त्यांनी झिजलेली दातेरी चाके, तुटका धोटा आणि पत्र्याचे तुकडे जोडून हातभर उंचीची एक वस्तू केली. ती पक्षी नव्हती, माणूस नव्हती. पण कोपऱ्यात ठेवली की नजर तिकडे जाई. दुसऱ्या दिवशी मालकाने विचारले, “हे कशाचं?” मामा म्हणाले, “कशाचं न्हवं. करावंसं वाटलं, केलं.” मालकाने वेल्डिंगच्या कांड्यांचे पैसे आणि वर एका दिवसाचा पगार कापला, आणि ती वस्तू भंगारात गेली.

मामा तक्रार घेऊन माझ्याकडे आले. मी कायद्याची पुस्तके चाळली. जादा कामाचा मोबदला मागावा, तर ते काम कोणी सांगितलेले नव्हते. माल मालकाचा, वीज मालकाची. मी त्यांना समजुतीने सांगितले, “मामा, यात तत्त्वाचा प्रश्न नाही. सोडून द्या.” ते काही बोलले नाहीत. पगार कापल्याचे त्यांना फारसे दुःख नव्हते, हे मला बऱ्याच वर्षांनी कळले. ‘कशाचं न्हवं’ असे काही करण्याचा आपल्याला हक्क आहे, एवढे कोणीतरी म्हणावे, अशी त्यांची अपेक्षा होती. ते वाक्य म्हणजे ‘ग्रुप १८९०’चा अख्खा जाहीरनामा होता, आणि कामगारांचा प्रतिनिधी म्हणविणाऱ्या मला त्यात तत्त्वाचा प्रश्न दिसला नाही!

म्हणून स्वामिनाथन यांच्याशी असलेले माझे भांडण मी दोन्ही बाजूंनी लढतो. प्रथम त्यांच्या बाजूने. आम्ही चळवळवाले प्रत्येक गोष्टीला ‘कोणाच्या बाजूने?’ असे विचारतो. प्रश्न खोटा नाही. पण मालकही प्रत्येक गोष्टीला ‘कशाच्या उपयोगाचे?’ असेच विचारतो, आणि हे दोन प्रश्न चुलतभाऊ आहेत. दोघांनाही माणसाच्या हातचे काम दुसऱ्या कशाचे तरी साधन म्हणूनच दिसते. मार्क्सने ‘भांडवल’च्या तिसऱ्या खंडात फार निराळे सांगितले आहे. गरजेने लादलेले श्रम जेथे संपतात तेथून पुढे स्वातंत्र्याचे राज्य सुरू होते, आणि कामाचा दिवस लहान करणे ही त्याची पहिली अट आहे, असा त्याचा आशय आहे. लोखंड्यांनी रविवार मागितला तो काय केवळ सोमवारी ताजेतवाने होऊन मालकाचे सूत अधिक काढावे म्हणून? रविवार हा खंडोबाचा वार, नात्यागोत्याचा वार, समाजकार्याचा वार. तो मालकाच्या हिशेबात कोठेच बसत नाही, हेच त्याचे मोल. त्या बाराजणांनी चित्रासाठी मागितला तो असाच एक रविवार.

आता दुसरी बाजू. चित्राला रविवार मागताना त्यांनी चित्र करणाराच्या सोमवार-मंगळवारकडे पाहिले नाही. जाहीरनाम्यात प्रतिमा आहे, अनुभव आहे, स्वातंत्र्य आहे, मजुरी नाही. वस्तुतः त्यांच्यातले काही जण रोज मजुरीच्या जगातच वावरत होते. हातमाग विणकरांसाठी सरकारने १९५६ पासून जी विणकर सेवा केंद्रे काढली, त्यांत अंबादास आणि रेड्डप्पा नायडू यांनी नक्षी आखण्याची नोकरी केली. एका इंचात किती धागे आडवे बसले त्याला आम्ही ‘पीक’ म्हणतो, आणि त्या पिकावर आमची मजुरी ठरते. हे गणित मागावर बसलेल्या माणसाच्या तोंडून या चित्रकारांच्या कानावर गेलेच असणार. पण केंद्रातला हात आणि चित्रातला हात यांच्यामध्ये त्यांनी एक भिंत बांधली. चित्रकाराचा हात स्वतंत्र झाला. विणकराचा हात आखून दिलेली नक्षी विणीत राहिला.

ही केवळ माझी कुरकुर नव्हे. इतिहासानेच हा प्रश्न पुढे ताणला. ‘ग्रुप १८९०’चे ते पहिले प्रदर्शन शेवटचेच ठरले. कोणताही अर्थ मान्य न करणारांना एकत्र बांधणारा दोरा तरी कोठून असणार? मंडळी पांगली. अंबादास आणि एरिक बोवेन नॉर्वेत गेले. अंबादास २०१२ साली तेथेच वारले. पाझ यांची कथा तर ऐकण्यासारखी आहे. ऑक्टोबर १९६८ मध्ये मेक्सिको शहरात त्यांच्या सरकारने विद्यार्थ्यांवर गोळ्या घातल्या, तेव्हा त्यांनी राजदूतपदावर लाथ मारली. चित्राला बाजू नसावी असे मानणाऱ्या मंडळींची प्रस्तावना लिहिणारा कवी माणूस म्हणून बाजू घ्यायला चुकला नाही.

स्वामिनाथन यांनी १९८२ साली भोपाळला उघडलेल्या भारत भवनात आपले तत्त्वज्ञान कसाला लावले. तेथील ‘रूपंकर’ या कलासंग्रहालयात त्यांनी शहरी चित्रकार आणि आदिवासी चित्रकार यांना एका छपराखाली आणले. आदिवासी म्हणजे मागासलेला आणि आपण पुढारलेले, हा हिशेबच त्यांना मान्य नव्हता. जो आज जगतो आणि आज चित्र काढतो तो आजचाच कलावंत, असे ते म्हणत. माझ्या मते, मजुरांच्या साप्ताहिकातून निघालेला माणूस येथे पुन्हा आपल्या घरी आला. पाटणगढचा जनगढसिंग श्याम हा परधान गोंड तरुण याच धडपडीतून जगापुढे आला. त्याच्या हातात कागद आणि रंग आले, आणि गोंडांचे देव व जनावरे साऱ्या जगाने पाहिली.

पण तोच जनगढ २००१ साली जपानमधील एका संग्रहालयात करारावर चित्रे काढीत असता आत्महत्या करून गेला. त्या वेळी त्याचा करार, त्याचा मोबदला, परत येण्याची मोकळीक यांविषयी पुष्कळ प्रश्न विचारले गेले. एका माणसाच्या मनातले कारण दुसऱ्याने छातीठोकपणे सांगू नये. मी सांगत नाही. स्वामिनाथन १९९४ सालीच वारले होते. मात्र संघटनेचा माणूस म्हणून मला हे विचारल्यावाचून राहवत नाही : प्रतिमेचे स्वातंत्र्य आपण मान्य केले, पण प्रतिमा करणाराचा करार कोणी वाचला होता?

या बाराजणांपैकीच एकाने दुसऱ्या बाजूनेही भिंतीला भोक पाडले. गुलाममोहम्मद शेख १९८१ साली ‘प्लेस फॉर पीपल’ या प्रदर्शनात सामील झाले. मुंबई-दिल्लीस झालेल्या त्या प्रदर्शनात माणूस चित्रात परत आला. शेखांच्या जोडीला त्यात आपले सुधीर पटवर्धन होते. पेशाने क्ष-किरण डॉक्टर, राहणार ठाण्याचे. त्यांनी लोकलमधला, इमारतीच्या परातीवरचा, नाक्यावरचा माणूस रंगविला. हा माणूस मूठ उगारून घोषणा देत नाही. तो नुसता असतो, कडुनिंबासारखा. १९६३ चा धडा येथे वाया गेलेला नाही. कामगाराला निरोप्या न करताही चित्रात जागा देता येते, हे त्यातून दिसले.

काही वर्षांपूर्वी कामगार परिषदेसाठी दिल्लीला गेलो असता, एका कलादालनात जेराम पटेलांची जळकी फळी मी प्रत्यक्ष पाहिली. काळ्या कोळशात कोरलेल्या खाचा होत्या. ज्योत कोठे जवळ धरली, कोठे हात मागे घेतला, हे वेल्डरच्या शेजारी उभा राहिलेला माणूस सहज वाचू शकतो. शेजारच्या एका सुशिक्षित गृहस्थाने मला विचारले, “हे कशाचे चित्र आहे हो?” माझ्या तोंडून नकळत गेले, “कशाचे नाही. करावेसे वाटले, केले.” आणि मग माझेच मला इतके वाईट वाटले की, दालनात पुढे जाववेना.

मित्रहो, मामा आता नाहीत. त्यांच्या वस्तूला दालन मिळाले नाही, पुस्तिका मिळाली नाही, उद्घाटक मिळाला नाही. तिचे मोल काय होते, हे मी सांगू शकत नाही. कदाचित ती सामान्यच असेल. पण ती करण्याचा हक्क सामान्य नव्हता. भावनगरच्या घरात १९६२ साली जे मागितले गेले आणि मुंबईच्या गिरण्यांत १८९० साली जे मिळविले गेले, ते एकाच जातीचे आहे, अशी माझी आता खात्री झाली आहे. चूक असेल तर ती वाटणीत आहे. चित्रकारांनी स्वातंत्र्य घेतले आणि सुट्टी आमच्याकडे ठेवली. आम्ही सुट्टी सांभाळली आणि तीत काय करावे हे विचारायचे विसरलो. आज कंत्राटी कामाच्या रेट्यात लोखंड्यांचा रविवारसुद्धा पुष्कळांच्या हातून निसटला आहे. तो परत मिळविणे हे आमचे काम आहे आणि ते आम्ही करू. पण यापुढे कोणी मामा माझ्याकडे तसली तक्रार घेऊन आला, तर यात तत्त्वाचा प्रश्न नाही असे मी म्हणणार नाही.